साहेब, नकाशा चुकलाय

गार्डमामा रेल्वेत कधीच नव्हता. हे आधी सांगून टाकते, कारण कॅमेरे घेऊन येणाऱ्या पोरांनी त्याच्या फोटोखाली 'निवृत्त गार्ड' असं लिहून इंटरनेटवर टाकलंय आणि जगभरातली माणसं त्याखाली हात जोडतायत. तो शिंपी होता. रेल्वेवाल्यांचे गणवेश शिवायचा, टीसींचे काळे कोट आल्टर करून द्यायचा. त्या कपड्यांतूनच कधीतरी त्याच्या डोक्यात रूळ शिरले आणि मग ते बाहेर आलेच नाहीत.

दुसरं असं की, मी त्याला इथं अरे-तुरे करणार आहे. समोर कधी केलं नाही, अजूनही करत नाही. पण लिहिताना तेवढी मोकळीक मला पाहिजे. माझं घर त्याच्या तोंडामुळं गेलं. माझं एकटीचं नाही, अख्ख्या गल्लीचं गेलं.

आमची वस्ती सोलापुरात, बंद पडलेल्या एका मिलच्या मागं. एका बाजूला मिलची काळी भिंत, दुसऱ्या बाजूला लोहमार्ग, आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात आम्ही. रुळांजवळ राहणं म्हणजे काय, हे ज्यांना गाडीच्या खिडकीतून आमची घरं 'अरे बापरे, कशी राहत असतील' म्हणत दिसतात त्यांना कळणार नाही. फळीवरची भांडी गाडीगणिक पुढं सरकायची. आई दिवसातून दोनदा ती मागं ढकलायची, कपाळावरचा घाम पुसावा इतक्या सहज. बोलता बोलता गाडी आली की आम्ही वाक्य तिथंच सोडायचो आणि शेवटचा डबा गेला की तिथूनच पुढं चालू. भांडणसुद्धा असंच. शिवी अर्धी देऊन बाया एकमेकींकडं बघत थांबायच्या, आणि गाडी गेल्यावर उरलेली अर्धी द्यायच्या. मी आज सभेत भाषण करते तेव्हाही मध्येच थांबते. लोकांना वाटतं ही मुद्द्यावर जोर देतीय.

मामाचं घर गल्लीच्या शेवटाला. त्याचं मागचं दार रुळांकडं उघडायचं. पांढरी पँट, पांढरा शर्ट, दोन्हीची इस्त्री मोडू नये म्हणून ताठ उभा. गाडी आली की कोटाच्या हिरव्या अस्तराचा तुकडा हलवायचा. काही ड्रायव्हर त्याला ओळखायचे, भोंगा द्यायचे. त्या दिवशी मामाशी बोलायची सोय नसायची, एवढा तो चढायचा. लाल कापडाचीही एक घडी त्याच्या खिशात असायची, पण ती त्यानं कधी उलगडली नाही. मी लहानपणी एकदा दाखवा म्हटलं होतं.

"लाल दाखवायचा अधिकार आपल्याला न्हाय," तो म्हणाला.

गाड्यांना तो माणसांसारखा मान द्यायचा. मद्रासची गाडी म्हणजे मद्रासबाई. मद्रासचं नाव बदलून जमाना झाला, पण बाईचं माहेरचं नाव आपण कशाला बदलायचं, असं त्याचं म्हणणं. विजापूरची पॅसेंजर ही धाकटी. मुंबईची म्हणजे नोकरीवाली, तिला गप्पा मारायला वेळ नाही. मालगाडीवर त्याचा सगळ्यात जीव. ती कष्टाची लेक हाय, म्हणायचा, आणि तिलाच सगळ्यांच्या मागं उभी करत्यात. आणि स्वतः हा माणूस गाडीत फारसा कधी बसला नाही. का म्हणून विचारलं तर म्हणायचा, गाडीत बसलेल्याला गाडी दिसत न्हाय.

आमच्या गल्लीतल्या सगळ्या पोरांचे शाळेचे कपडे तो शिवायचा, गणवेशांच्या उरलेल्या कापडातून. त्यामुळं शाळेच्या रांगेत आमची वस्ती लगेच ओळखू यायची. बुटके बुटके स्टेशनमास्तर. माझ्या फ्रॉकलाही पितळी बटणं होती. शाळेतल्या पोरी हसायच्या आणि मी घरी येऊन रडायचे. आई म्हणायची, बटणं तुटत न्हाईत ते बघ की.

इथवर वाचून कुणाला वाटेल, काय गोड म्हातारा. वाटू द्या. मलाही बरीच वर्षं वाटत होतं.

आमचा पाण्याचा नळ रुळांच्या पलीकडं होता. दवाखाना, बाजार, शाळा, सगळं पलीकडं. वस्तीनं पादचारी पूल मागितला, मी शाळेत असल्यापासून मागितला. निवेदनं दिली, मोर्चे नेले. पूल आला नाही, 'रूळ ओलांडणे गुन्हा आहे' असा बोर्ड मात्र ताबडतोब आला. सगळी गल्ली घागरी घेऊन तो बोर्ड ओलांडूनच पाण्याला जायची. मामा एकटा जायचा नाही. तो बादली घेऊन लांबच्या फाटकापर्यंत चालत जायचा, पलीकडून नळापर्यंत यायचा आणि तसाच परत. ऊन असो, ताप असो. बाया हसायच्या. एकदा आईनं त्याच्यासाठी घागर आणली तर त्यानं ती घेतली नाही. रूळ ओलांडून आलेलं पाणी आपल्याला चालत न्हाय म्हणाला. सोवळं असतं तसं त्याचं हे सोवळं.

मग शेजारच्या गल्लीतली भाजीवाली गाडीखाली गेली. टोपलं डोक्यावर होतं, त्यामुळं तिला मान वळवता आली नाही, एवढंच झालं. आम्ही सगळे रुळांवर बसलो. मी तेव्हा नुकती पत्रकं लिहायला लागले होते. 'हा अपघात नाही, हा खून आहे' हे माझं पहिलं शीर्षक. मामा तिच्या दारात आला, हात जोडले, तिच्या नवऱ्यापाशी बसला. आणि सगळ्यांदेखत बोलला काय, तर त्या ड्रायव्हरला आज जेवण जायचं न्हाय. गल्ली त्याला मारायलाच उठली होती. आईनं मध्ये पडून त्याला घरी नेलं.

मी त्या दिवशी त्याचा पहिल्यांदा राग राग केला. आता विचार करते तेव्हा वाटतं, त्या ड्रायव्हरला जेवण खरंच गेलं नसेल. पण ते आम्ही का ऐकायचं? त्या दारात? ज्यांनी पूल दिला नाही त्यांना मात्र जेवण व्यवस्थित गेलं असणार, त्यांच्याबद्दल मामा कधी एक शब्द बोलला नाही. त्याच्या लेखी रेल्वे म्हणजे इंजिन, डबे, ड्रायव्हर आणि रूळ. टेबलामागं बसून सह्या करणारी रेल्वे त्याला दिसायचीच नाही.

माझी पत्रकं तो वाचायचा. गल्लीत सगळ्यात बारकाईनं तोच वाचायचा. मी लिहिलं होतं की आमच्या उशाशी दर पाच मिनिटाला मृत्यू धडधडत जातो. तो पत्रक घेऊन घरी आला. दुपारी जेवणाच्या वक्ताला तासभर एकबी गाडी नसती, म्हणाला. मी म्हटलं मामा, पत्रकात असंच लिहितात. तर म्हणाला, मग ते खोटं हाय की.

आणि कॅमेरेवाले. यांच्याविषयी मी मवाळ लिहावं अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. रविवारी यायचे, पुण्याकडून, महागडी यंत्रं गळ्यात अडकवून. मामाला अंकल म्हणायचे. इंजिनांचे नंबर ऐकवायचे, मामा आवाजावरून इंजिन ओळखून दाखवायचा, ते टाळ्या वाजवायचे. रेल्वेवर प्रेम आहे म्हणायचे. असेल. एकदा त्यातला एक आमच्या दारात आला आणि आईला अगदी नम्रपणे म्हणाला की मावशी, दोरीवरचे कपडे जरा काढता का, फ्रेममध्ये येतात. जुन्या काळचा फील जातो.

आईनं काढले. ओले कपडे काढून उराशी धरून उभी राहिली, गाडी जाईपर्यंत. त्याचा व्हिडिओ मी पाहिलाय. सुंदर आहे. भिंत आहे, धूर आहे, गाडी आहे, हिरवं कापड हलवणारा म्हातारा आहे. माणूस राहतो अशी एक खूण त्यात नाही. आम्ही तिथं नव्हतोच असं दिसतं. पुढं जे सरकारी खात्यानं यंत्र लावून केलं, ते या पोरांनी आधीच करून ठेवलं होतं.

आता मुख्य गोष्ट.

तिसऱ्या लायनीसाठी जागा पाहिजे म्हणून वस्तीला नोटिसा आल्या. रेल्वेचं म्हणणं असं की पूर्वी मुख्य लायनीवरून मिलच्या गोदामापर्यंत मालगाडीचा एक फाटा जायचा, सायडिंग. वस्ती त्या सायडिंगच्या जागेवर बसलीय, जागा रेल्वेची, तुम्ही उठा. मिल बंद पडली तेव्हाच सायडिंग उखडली होती. आमच्या आज्या-आजोबांनी त्यानंतर तिथं पत्रे ठोकले.

आमच्या वकीलबाईंनी रेल्वेचाच जुना नकाशा मागवून घेतला. आणि त्या नकाशात, मी खोटं सांगत नाही, सायडिंग नाल्याच्या पलीकडून दाखवली होती. आमच्या गल्लीपासून चांगली लांब. कुणा आरेखकाला डुलकी लागली असेल, कुणी नक्कल करताना चुकलं असेल, देव जाणे. गल्लीतल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला माहीत होतं की सायडिंग आमच्याच दारांतून जायची. आमच्या घरांच्या चौकटी रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरांच्या होत्या. आमचा उंबरा म्हणजे रुळाचा तुकडा होता, त्यावर बसूनच मी अभ्यास केलाय.

सगळे गप्प बसले. का नाही बसायचं? या देशात आमच्यासारखी माणसं कागदावरून चिरडली जातात. जन्माचा कागद नाही, जागेचा कागद नाही, जातीचा कागद नाही, चला निघा. आयुष्यात पहिल्यांदा एक चुकीचा कागद आमच्या बाजूनं पडला होता. तो आम्ही दोन्ही हातांनी धरला. मला त्याची आजही लाज वाटत नाही.

धोका एकच होता आणि तो सगळ्यांना माहीत होता. सुनावणीला प्रत्येक घरातल्या कर्त्या माणसानं हजर राहायचं होतं, म्हणजे मामानंही. आई स्वतः त्याच्याकडं गेली. कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन गेली, समोर बसून त्याला जेवायला घातलं, आणि म्हणाली की मामा, तुमी फक्त बसायचं, बोलायचं काई न्हाय. तो व्हय म्हणाला. वकीलबाईंनी सांगितलं, तो व्हय म्हणाला. मी सांगितलं. मला म्हणाला, किती येळा सांगताय गं, मी काय बारकं पोर हाय का.

सुनावणीच्या दिवशी रेल्वेच्या साहेबानं नकाशा भिंतीवर लावायला लावला. तरुण होता, बदली होऊन आलेला, सोलापूरचं ऊन त्याला सोसत नव्हतं. नकाशाकडं त्यानं बराच वेळ बघितलं. मग आपल्या कारकुनाकडं बघितलं. मग म्हणाला, सायडिंग तर नाल्यापलीकडं दिसतेय, मग ही वस्ती आपल्या हद्दीत येते कशी? कारकून घाम पुसायला लागला. वकीलबाईंनी पेनाचं टोपण लावलं. आईनं माझा हात इतका घट्ट धरला की तिच्या बांगड्या माझ्या मनगटात रुतल्या. साहेबानं फाईल बंद करायला हात घातला.

आणि मामा उठला.

"साहेब, नकाशा चुकलाय."

साहेबानं वर बघितलं. वकीलबाई म्हणाल्या, यांचं वय झालंय, यांना ऐकू कमी येतं. मामाला ऐकू कमी येत नव्हतं. तो इस्त्रीची पँट सावरत सरळ भिंतीपाशी गेला आणि नकाशावर बोट ठेवलं.

"सायडिंग हितनं जाऊच शकत न्हाय. एवढं वळण इंजिनाला झेपत न्हाय. डबे उतरतील की रुळावरनं."

"मग कुठून जात होती?" साहेबानं विचारलं.

"हितं रुळांचा सांधा होता. तितनं निघायची, अशी सरळ, गल्लीतनं. गोदामाच्या दारापातूर."

त्यानं नखानं नकाशावर रेघ ओढली. ती आमच्या घरावरून गेली, आमच्या शेजारच्या सुरेखाच्या घरावरून गेली, सगळ्या गल्लीवरून गेली.  साहेबाचा चेहरा उजळला.

"आजोबा, तुम्ही रेल्वेत होता?"

"न्हाय साहेब," मामा म्हणाला. "पर असायला पायजे होतो."

साहेब त्याच दुपारी वस्तीत आला. मामा पुढं, साहेब मागं, त्यांच्या मागं टेप धरलेली माणसं. मामा दारोदार थांबून दाखवत होता. हितं फाटक होतं. हितं पाणी भरायचे. हा उंबरा बघा, रूळ हाय, त्याच सायडिंगचा हाय. माझ्या उंबऱ्यावर त्यानं हात फिरवला, एखाद्या ओळखीच्या बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. बाया दारात उभ्या होत्या. शेजारची तेलुगू अक्का विड्या वळता वळता थांबली होती, तिच्या मांडीवरच्या सुपातून तंबाखू खाली सांडत होती आणि तिचं लक्ष नव्हतं. मामाला कुणी दिसत नव्हतं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा रेल्वेनं त्याला काहीतरी विचारलं होतं.

संध्याकाळी मी त्याच्या दारात गेले. गल्लीनं त्याला वाळीत टाकायला तोपर्यंत सुरुवात केली होती. तो मशीनवर बसून कुणाचा तरी कोट उसवत होता.

"तुम्हाला कुणी खोटं बोलायला सांगितलं होतं का, मामा?" मी म्हटलं. "गप बसायला सांगितलं होतं."

"बसलोच होतो की. पर त्यांनी गाडी रुळावरनं उतरवली असती."

"कुठली गाडी? ती गाडी कधीच बंद झाली. मिल बंद झाली. ते इंजिन भंगारात गेलं."

"म्हणून काय झालं," तो म्हणाला.

यावर काय बोलायचं? तुम्ही सांगा. मी आजवर मंत्र्यांना बोललेय, पोलिसांना बोललेय.  त्या दारातून मी त्याच्या मशीनला लाथ मारून आले.

पाडायला आले ते भर उन्हाळ्यात आले. आधी एक दिवस येऊन लाल रंगानं भिंतींवर फुल्या मारून गेले. गल्लीत प्रत्येक घरावर फुली आणि मामाच्या घरावर नाही. सगळ्यांनी बघितलं. कुणी त्याच्या दारात थुंकलं, कुणी म्हणालं की दलाली पचली म्हाताऱ्याला. साहेबानं परतफेड केली होती, एवढं उघड होतं. मलाही तेच वाटलं. पण मी कार्यकर्ती आहे, मला रागाबरोबर हिशेबही करावा लागतो. सुरेखा बाळंतीण होती. तिचा नवरा कामासाठी गुजरातेत, आणि मांडीवर काही दिवसांचं पोर. शेवटचं एक घर उभं राहणार असेल तर सुरेखाला तिथं ठेवू, अक्कालाही ठेवू, पावसाळ्यापर्यंत निभेल. मी दात ओठ खात मामाकडं गेले आणि सांगितलं. तो लगेच हो म्हणाला. खोली झाडली, मशीन कोपऱ्यात सरकवलं, साडीचा पाळणा बांधायला आढ्याला दोरी लावली. सुरेखाचं बोचकं मीच तिथं नेऊन ठेवलं.

सकाळी यंत्र आलं. पहिल्या चार घरांचे पत्रे खाली आले तेव्हा गल्लीत धूळ आणि ओरडा यांशिवाय काही नव्हतं. आमचं घर पडलं तेव्हा आई रडली नाही. फळीवरची भांडी तिनं आधीच पोत्यात भरली होती. आणि तेवढ्यात मी बघितलं, मामा साहेबाकडं चाललाय. पांढरी पँट, पांढरा शर्ट.

मी धावले. पोचेपर्यंत तो बोलून गेला होता. सायडिंग माझ्या घरात संपायची साहेब, शेवटचा अडसर माझ्या चुलीपाशी होता, तुमची खूण ऱ्हायली. साहेब स्वतः ओशाळला. इकडंतिकडं बघून हळू आवाजात म्हणाला, राहू द्या की आजोबा, तुमचं तेवढं चालून जाईल.

"कसं चालंल?" मामा म्हणाला. "माझ्या शब्दावर त्यांची गेली. माझं कसं ऱ्हाईल?"

मी मध्ये घुसले. मला तेव्हा काय बोलतेय याचं भान नव्हतं, पण बोलले ते नीट आठवतंय.

"खरं बोलायचंय ना तुम्हाला? मग सुरेखानं कुठं जायचं तेही खरं सांगा. आत्ता सांगा. पोर घेऊन आत बसलीय ती."

त्यानं माझ्याकडं बघितलं, घराकडं बघितलं, परत माझ्याकडं.  खरं सांगते, त्याला तोपर्यंत ती आठवलीच नव्हती. दोरी त्यानंच बांधली होती आणि त्याला आठवली नव्हती. साहेबाचा माणूस तोपर्यंत लाल रंगाचा डबा घेऊन गेलाही होता, कारण चारचौघांत बोललं गेल्यावर साहेबालाही ते घर ठेवणं शक्य नव्हतं. सुरेखा पोराला पदराखाली घेऊन उन्हात येऊन उभी राहिली. मामाचं घर तिच्या डोळ्यांदेखत पडलं.

लोक मला म्हणतात, बघ, माणूस खरा होता, स्वतःचंही घर दिलं त्यानं. मला या वाक्याची चीड येते. त्यानं स्वतःचं घर ठेवलं असतं तर मी त्याला दलाल म्हटलं असतं, आणि सुरेखाच्या पोराच्या डोक्यावर पत्रा असता. मला हा सौदा चालला असता. त्याच्या खरेपणानं काय मिळालं? पडलेल्या घरांत एक घर वाढलं. खरं बोलण्याची चैन ज्याला परवडते त्यानं करावी. आमच्या गल्लीला ती परवडत नव्हती आणि त्यानं ती गल्लीच्या जिवावर केली.

गल्ली पांगली. कुणी अक्कलकोट रोडला, कुणी बार्शीला लेकीकडं. आई आणि मी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत. तिथं गाडी ऐकू येत नाही. आई अजून फळीवरची भांडी मागं ढकलते, ती जागची हललेली नसताना. मामाला त्याच्या पुतण्यानं आपल्या दुकानामागं झोपायला जागा दिली.

मी त्याच्याकडं परत गेले ते कामासाठी. वकीलबाईंना एवढंच कळायला हवं होतं की त्या जागेचं पुढं काय ठरलंय. तारेचं कुंपण घालून रेल्वेनं जागा तशीच टाकली होती, आत वेड्या बाभळी माजल्या होत्या. ऑफिसात मला कुणी दारात उभं करत नाही, माझा चेहरा पत्रकांमुळं सगळ्यांना पाठ झालाय. मामाला मात्र ते अडवणार नव्हते. मी त्याला म्हटलं, रूळ टाकलेले नाहीत अजून. त्यानं विश्वास ठेवला नाही. मी खोटं लिहिते हे त्याला आधीपासून माहीत होतं ना. मग मी त्याला स्कूटरवर घालून कुंपणापाशी नेलं. तारेला धरून तो आत बघत राहिला. खडी बघत होता, स्लीपर बघत होता, कुठं मोजणीची खुंटी तरी दिसते का बघत होता. एक शेळी चरत होती.

त्यानंतर तो रोज ऑफिसात जाऊन बसायला लागला. घरं परत द्या असं म्हणायचा नाही. म्हणायचा, रूळ कधी टाकताय. पहिले काही दिवस त्याला चहा मिळाला. मग साहेब मीटिंगमध्ये असायला लागला. मी त्याला स्कूटरवरून सोडायचे आणि आणायचे, कारण मला माहिती पाहिजे होती. प्रेम म्हणून नाही.

एक दिवस मी त्याला घ्यायला गेले आणि व्हरांड्यात साहेब त्याला सापडलेलाच होता. मी खांबाआड थांबले. साहेब चिडलेला नव्हता, उलट जरा कंटाळलेला होता. आराखडा बदललाय आजोबा, म्हणाला. तिसरी लायन आता पलीकडच्या बाजूनं जाणार. ती जागा बहुतेक लागणार नाही, पण ताब्यात असलेली बरी.

 फलाटावर एक गाडी लागत होती, तिचे ब्रेक ऐकू येत होते, आणि मामानं तिकडं मान वळवली नाही.

"मग घेतली कशाला?" त्यानं विचारलं.

हे मी घरं पडल्यापासून ओरडतेय. मोर्च्यात ओरडलेय, कर्ण्यातून ओरडलेय, भिंतीवर रंगवलंय. माझ्यावर त्यासाठी गुन्हे आहेत. आणि हा माणूस आत्ता विचारत होता, जणू त्यालाच पहिल्यांदा सुचलं.

साहेब हसला. वाईट हसला नाही, सहज हसला.

"तुम्हीच तर दाखवलीत, आजोबा."

मामा खाली आला. मला वाटलं, पडतो की काय, पण धरायला हात पुढं केला नाही मी. तो स्वतःच स्कूटरवर बसला. मी चालू केली. कोपऱ्यापर्यंत आलो तेव्हा मागून आवाज आला.

"सुरेखा कुटं ऱ्हाती गं आता?"

एवढ्या दिवसांत त्यानं गल्लीतल्या कुणाचं नाव काढलं नव्हतं. मला स्कूटर थांबवून त्याच्या तोंडावर काहीतरी फेकावंसं वाटलं.

"करकंबला. भावाकडं," मी म्हटलं. आणि त्याला लागावं म्हणूनच पुढं म्हटलं, "तिथं रेल्वे जात नाही."

 सिग्नल लागला होता, सगळ्या बाजूंनी हॉर्न वाजत होते.

"मग एस्टी स्टँडवर सोड," तो म्हणाला.